खासदाराची पैसेवारी कोण काढणार?



मध्यंतरी कामानिमित्त आम्ही ठाण्याला गेलो होतो. मुक्काम कोपरीला होता. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरले की कोपरी लागते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची जुनी वसाहत, खाडीच्या अंगाला कोळ्यांची वस्ती आणि आता या सगळ्यांवर मान काढून उभ्या राहिलेल्या उंच इमारती. त्यातल्याच एका इमारतीच्या गेटवर आमच्या तालुक्यातला एक शेतकरी वॉचमन आहे. साडेचार एकर कोरडवाहू शेत मक्त्याने देऊन चार वर्षांपूर्वी तो इकडे आला. रात्री त्याच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून आम्ही बसलो. पाऊसपाणी झाले, बोंडअळी झाली, पोरीच्या लग्नाचे झाले. मग तो म्हणाला,

"भाऊ, इथे गटार तुंबलं तर कोणाला धरायचं ते पोराटोरांनाही ठाऊक आहे. आपल्याकडे कापसाचा भाव पडला तर धरायचं कोणाला?"

आम्ही म्हटले, "केंद्र सरकारला."

"म्हणजे कोणाला?"

"खासदाराला. त्याला आपण तिथे पाठवलेला असतो."

"मग आपल्या खासदारांनी दिल्लीत कापसाबद्दल काय विचारलं?"

आम्ही गप्प बसलो. कृषी पदवी घेऊन वीस वर्षे झाली. पान पिवळे पडले तर नत्र कमी की मॅग्नेशियम कमी हे आम्ही बांधावरून सांगतो. पण ज्या माणसाला आम्ही मत दिले त्याने वर्षभरात आमच्या पिकाबद्दल सभागृहात तोंड उघडले की नाही, हे आम्हाला सांगता आले नाही. इमारतीतले एक निवृत्त आजोबा शतपावली करता करता थांबले होते. ते म्हणाले, "आमच्या वेळी खासदार रामभाऊ म्हाळगी होते. ते दरवर्षी छापील हिशोब द्यायचे. सभागृहात काय केलं, मतदारसंघात काय केलं. मागायला जावं लागत नसे."

त्या एका वाक्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

नजर पैसेवारी

पैसेवारी म्हणजे काय हे या पत्रिकेच्या वाचकाला समजावून सांगायला नको. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या खाली आली तर दुष्काळ, वर राहिली तर वसुली. २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर निकष बदलले, पण शब्द अजून घराघरात आहे. तलाठ्याने चावडीत बसून, शेत न पाहता, रस्त्याकडेचे हिरवे पीक बघून पैसेवारी लावली की आपण मोर्चा काढतो. "कापणी प्रयोग केला का? वजन काट्यावर घेतले का?" असे खडसावून विचारतो.

आता मन मोठे करून कबूल करू या. आमदार-खासदाराची पैसेवारी आपण स्वतः कशी काढतो? रस्त्याकडेच्या हिरव्या पिकावरूनच काढतो.

लग्नाला आला होता का? आला होता. चांगला माणूस. बापाच्या तेराव्याला आला होता का? आला होता. फार चांगला माणूस. फोन उचलतो का? उचलतो. मग काय, देवमाणूस! गावात सभामंडप दिला का, हायमास्ट दिवा लावला का, पोराला बदलीचे पत्र दिले का? झाली आपली नजर पैसेवारी. ऐंशी पैसे.

आम्ही लोकप्रतिनिधींना आळशी म्हणत नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि खोटे आहे. मतदारसंघात असला की आमदाराचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो. ओसरीवर तीस-चाळीस माणसे बसलेली असतात. कोणाला ट्रान्सफॉर्मर हवा असतो, कोणाचा सातबारा अडलेला असतो, कोणाची म्हातारी सरकारी दवाखान्यात असते. दहापर्यंत फोन आणि पत्रे. मग उद्घाटने, साखरपुडे, तहसीलची बैठक, संध्याकाळी दोन-चार लग्ने, रात्री अकराला कुणाच्या तरी मयतीचे सांत्वन. एवढी पायपीट आपला सालगडीही करीत नाही. पण हे सगळे काम तलाठ्याने, लाइनमनने, डॉक्टरने आपापल्या जागी चोख केले असते तर आमदाराच्या ओसरीवर कोणी गेलेच नसते. यंत्रणा नीट चालत नाही म्हणून आपण आमदाराला धक्का मारायला बोलावतो. तो धक्का मारता मारता थकतो, आणि ज्या कामासाठी निवडून दिला त्या कामाला त्याच्याकडे वेळ उरत नाही. आपणही ते काम त्याला कधी विचारत नाही.

सभागृहातले शेत

ते काम कोणते? लोकसभेचे वर्षाला साधारण तीन हंगाम असतात. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी. सभागृहाचा दिवस सकाळी अकराला प्रश्नोत्तरांनी सुरू होतो. एका दिवशी वीस तारांकित प्रश्न लागतात, त्यांचे उत्तर मंत्र्याला उभे राहून द्यावे लागते आणि त्यावर लगेच उपप्रश्न विचारता येतात. त्याशिवाय दोनशे तीस अतारांकित प्रश्न असतात, त्यांची लेखी उत्तरे येतात. त्यानंतर शून्य प्रहर, त्यात तातडीचा विषय मांडता येतो. नियम ३७७ खाली मतदारसंघाची एखादी बाब नोंदवता येते. दुपारनंतर विधेयके आणि चर्चा. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या विधेयकांना आणि ठरावांना असतात.

आपल्या विधिमंडळातही हीच अवजारे आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा. मंत्र्याने सभागृहात शब्द दिला तर तो पाळला की नाही हे पाहायला आश्वासन समिती आहे. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते. आपण तिथे मोर्चा नेतो, पोलीस टेकडी रोडला अडवतात, मंत्री येऊन निवेदन घेतो, फोटो निघतो, आपण बस धरून गावी येतो. आपण निवेदन देतो त्याच वेळी आत आपल्या तालुक्याचा आमदार काय करतो आहे, हे आपण आजवर विचारले नाही. पोलिसाच्या लाठीचा हिशोब आपण ठेवला. लक्षवेधीचा ठेवला नाही.

हंगामही आखूड होत चालले आहेत. १९५२ ते १९५७ या पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेच्या झाल्या २७४. पाच वर्षांत निम्म्याहून कमी. त्यात गोंधळात वाया गेलेले दिवस वेगळे. पेरणीचे दिवस निम्मे झाले तर उतारा किती येईल हे शेतकऱ्याला सांगायला नको.

काही जण म्हणतील, त्या कागदी प्रश्नांनी आमचे काय होणार? कापूस उत्पादकाने तरी असे म्हणू नये. राज्यातली एकाधिकार कापूस खरेदी १९७१ च्या कायद्याने आली आणि १९७२ पासून सुरू झाली. पुढे तीसेक वर्षे आपला कापूस आपल्या मर्जीने विकायची आपल्याला चोरी होती. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी सीमेवर गाडी अडवली जात होती. त्यासाठी आपण रस्त्यावर उतरलो, तुरुंगात गेलो. तो कायदा काही आकाशातून पडला नाही. सभागृहात तो मंजूर झाला तेव्हा कोरडवाहू भागाचे आमदार तिथेच बाकांवर बसलेले होते. त्यांच्यापैकी कोण काय बोलले हे त्या वेळी गावात कोणी विचारले असते, तर पुढच्या तीस वर्षांतली काही तरी वाचली असती.

दोन माणसे

आता त्या आजोबांच्या रामभाऊंकडे येऊ. रामभाऊ म्हाळगी १९५७ साली मावळातून आमदार झाले, पुढे पुण्यातून निवडून आले. आणीबाणीत तुरुंगात गेले. १९७७ आणि १९८० या दोन्ही निवडणुकांत ठाण्याने त्यांना लोकसभेवर पाठवले. तेव्हा कल्याणचा वेगळा लोकसभा मतदारसंघ नव्हता, तो २००९ च्या निवडणुकीपासून झाला. १९८२ मध्ये खासदार असतानाच रामभाऊ वारले. ते जनसंघाचे आणि नंतर भाजपचे. त्यांच्या पक्षाशी आपले देणेघेणे नाही आणि त्यांच्या विचारांची वकिली आम्हाला करायची नाही. पण एक गोष्ट त्यांच्या विरोधकांनीही मान्य केली. ते सभागृहाच्या नियमांचा अभ्यास करून बसत आणि वर्षाच्या शेवटी आपल्या कामाचा अहवाल छापून मतदारांपुढे ठेवत. त्यांच्या नावाने ठाणे जिल्ह्यातच, भाईंदरजवळ उत्तनला, लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देणारी प्रबोधिनी आहे.

अहवाल छापण्यात काय मोठे, असे कोणी म्हणेल. आजकाल प्रत्येक जण गुळगुळीत कागदावर छापतो. फरक आहे. आजच्या पुस्तिकेत फोटो असतात आणि सभामंडपांची यादी असते. तो हिशोब देणाऱ्याच्या सोयीचा असतो. खरा हिशोब तो, ज्यात सभागृहातल्या कामाचाही रकाना असतो. आणि तो मागे पडला असेल तर रिकामा दिसतो.

दुसरा माणूस अगदी विरुद्ध टोकाचा, पण आपल्या मातीतला. सांगोल्याचे गणपतराव देशमुख. शेतकरी कामगार पक्षाचे. सांगोला म्हणजे ज्वारीचा, अवर्षणाचा तालुका. या तालुक्याने १९६२ पासून अकरा वेळा त्यांना विधानसभेवर पाठवले. १९७२ आणि १९९५ साली पाडलेही. हे पाडणेही महत्त्वाचे आहे. हे आम्ही त्या तालुक्याच्या कौतुकाने लिहितो. एसटीने प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांची आठवण लोक काढतात, ती काढावीच. पण नुसत्या साधेपणाने पाणी येत नाही. पाणी, दुष्काळ, रोजगार हमी या विषयांवर हा माणूस वर्षानुवर्षे सभागृहात उभा राहिला, तोच विषय पुन्हा पुन्हा मांडला. २०२१ साली ते गेले तेव्हा सर्व पक्षांनी मान झुकवली.

एक उजवा, एक डावा. एक रेल्वेने मुंबईला कामाला जाणाऱ्यांचा खासदार, दुसरा बाजरी-ज्वारीवाल्यांचा आमदार. दोघांनी दोन कामे वेगळी ठेवली. ओसरीवरच्या माणसाचे काम करायचे, पण त्याच्या अडचणीचा धागा धरून सभागृहात जायचे. शंभर जणांचे ट्रान्सफॉर्मर जळतात तेव्हा शंभर पत्रे लिहायची नसतात. एक प्रश्न विचारायचा असतो, की ट्रान्सफॉर्मर जळतात का आणि बदलायला किती दिवस लागतात.

पंचवीस रुपयांचा हिशोब

डिसेंबर १९९३ मध्ये खासदार निधी सुरू झाला. आरंभी पाच लाख, मग एक कोटी, मग दोन कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला पाच कोटी. करोनाच्या काळात दीड वर्ष बंद होता तेवढाच. रस्ता, मंडप, बोअर यावर तो खर्च होतो आणि खासदाराच्या नावाची पाटी लागते.

आम्ही एक साधा हिशोब मांडतो. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सुमारे वीस लाख मतदार आहेत. पाच कोटींना वीस लाखांनी भागा. माणशी वर्षाला पंचवीस रुपये. निधी सगळाच्या सगळा, एक पैसा न गळता आला असे धरून.

आता दुसरा हिशोब. कापसाच्या भावात क्विंटलमागे पाचशे रुपयांचा फरक पडला, तर दहा क्विंटल कापूस विकणाऱ्या घराचे पाच हजार रुपये जातात. पंचवीस रुपयांच्या पाटीसाठी आपण खासदाराला हार घालतो आणि पाच हजारांबद्दल त्याला एक शब्द विचारत नाही. याला शहाणपण म्हणायचे का?

हा फरक नुसता कल्पनेतला नाही. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसाच्या आयातीवर शुल्क बसले, सर्व धरून अकरा टक्के. २०२२ साली काही महिने ते उठवले गेले. मग १९ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा माफ झाले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत. आता तारखा नीट पाहा. संसदेचे पावसाळी अधिवेशन २१ ऑगस्टला संपले. म्हणजे शुल्क उठले तेव्हा सभागृह तीन दिवस चालू होते. अधिवेशन संपल्यावर आठवड्याभरात, २८ ऑगस्टला, ही माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येण्याचा आणि बाजारात जाण्याचा काळ. लांब धाग्याचा हमीभाव कागदावर ८,११० रुपये होता, मध्यम धाग्याचा ७,७१०. खुल्या बाजारात त्याच्या खाली विकावे लागले हे तुम्ही स्वतः अनुभवले आहे.

गिरणीवाल्यांची बाजू त्यांच्याजवळ आहे. अमेरिकेने कापडावर जबर कर लावला, परदेशी कापूस स्वस्त मिळाला नाही तर कारखाने बंद पडतील, असे त्यांचे म्हणणे. ते त्यांनी मांडले आणि पदरात पाडून घेतले. आमची तक्रार त्यांच्यावर नाही. ज्याच्या खिशाला चिमटा बसतो त्याने ओरडावे, हा जगाचा नियम आहे. आमचा प्रश्न एवढाच, की आमच्या बाजूने कोण ओरडले? शुल्कमाफीची अधिसूचना कायद्याप्रमाणे सभागृहाच्या पटलावर ठेवावी लागते. त्यावर आक्षेप घ्यायचा हक्क सदस्याला आहे. ते अधिवेशन बहुतांशी गोंधळातच गेले हे खरे. पण पुढे हिवाळी अधिवेशन होतेच. कापूस पिकवणाऱ्या प्रत्येक जिल्ह्याच्या खासदाराला हे विचारलेच पाहिजे: त्या दिवसांत तुम्ही काय केले? लेखी दाखवा.

कोपरीहून परत आल्यावर आम्ही आमच्या खासदारांचे वर्षभराचे प्रश्न शोधून काढले. संघटनेतल्या एका शिकलेल्या मुलीने एका संध्याकाळी हे काम केले, कारण लोकसभा हे सगळे प्रसिद्ध करते, लपवत नाही. प्रश्न होते. रेल्वेचा थांबा, विमानतळ, मोबाईलचे टॉवर, महामार्ग. कापसावर एकच प्रश्न सापडला, आणि त्याचे उत्तर इतके मोघम की दुसऱ्या खासदाराने पुन्हा विचारले असते. ज्वारीवर काहीच नाही. २०२३ हे साल भरडधान्याचे म्हणून जगभर साजरे झाले. त्याच्या तोंडावर डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत खासदारांना भरडधान्याचे जेवण दिले गेले, ताटात ज्वारीची भाकरी होती. भाकरी दिल्लीपर्यंत पोचली. मालदांडीचा हमीभाव २०२५-२६ साठी ३,७४९ रुपये जाहीर झाला. पण त्या भावाने ज्वारी घेणारा काटा आपल्या तालुक्यात किती दिवस चालतो, हा प्रश्न दिल्लीपर्यंत पोचला नाही. तो आपण पोचवलाच नाही.

"एकट्याने काय होते?"

यावर खासदारांचे ठरलेले उत्तर असते. "पक्षाचा व्हिप असतो. आम्ही एकटे काय करणार?"

व्हिप असतो हे खरे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने तो जबर झाला. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. मार्च २०१० मध्ये महिला आरक्षणाचे विधेयक राज्यसभेत आले, तेव्हा १८६ मते बाजूने पडली आणि एकच विरोधात, शरद जोशींचे. त्यांचे मत बरोबर की चूक यावर आपल्या मायबहिणींनी त्यांच्याशी खुशाल भांडावे. आम्ही ते इथे सांगतो ते एवढ्यासाठी, की लहान पक्षाच्या एका माणसाला जे करता आले ते मोठ्या पक्षातल्याला जड जाते.

पण व्हिप मताला असतो, प्रश्नाला नसतो. तारांकित प्रश्न विचारला म्हणून कोणाचे सदस्यत्व गेलेले आम्ही ऐकले नाही. समितीच्या बैठकीला जायला व्हिप आडवा येत नाही. १९९३ पासून प्रत्येक विषयाच्या स्थायी समित्या आहेत. त्यांत सर्व पक्षांचे सदस्य बसतात, सचिवांना समोर बसवून प्रश्न विचारतात. शेतीच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२४ मधल्या अहवालात हमीभावाला कायद्याचे बळ द्यावे अशी शिफारस केली. हमीभावाचा कायदा हवा की बाजार मोकळा हवा, यावर आपल्यातच दोन मते आहेत. पण आपल्या खासदाराने तो अहवाल वाचला आहे का?

दुसरे उत्तर असते, "खासगी विधेयक कधी मंजूर होत नाही." तेही खरे. स्वातंत्र्यानंतर अशी अवघी चौदा विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये. तरी ऑगस्ट २०१८ मध्ये हातकणंगल्याचे तेव्हाचे खासदार राजू शेट्टी यांनी कर्जमुक्तीचे आणि हमीभावाचे अशी दोन विधेयके लोकसभेत मांडली. ती मंजूर झाली नाहीत. पण रस्त्यावरची मागणी कायद्याच्या भाषेत लिहिली गेली, कलमे पडली. उद्या कोणी सरकार करू म्हटले तर "कसे करायचे ते सांगा" असे म्हणायची सोय उरली नाही. पहिल्या वर्षी पीक आले नाही म्हणून कोणी बियाणे जपायचे सोडत नाही.

आणि सभागृह आपले काम करीत नाही तेव्हा काय होते तेही आपण पाहिले. सप्टेंबर २०२० मध्ये शेतीचे तीन कायदे समितीकडे न पाठवता झाले. राज्यसभेत मतविभागणी मागितली गेली, ती न घेता आवाजी मतदानाने मंजुरी झाली. २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे चर्चेविना एका दिवसात दोन्ही सभागृहांत रद्द झाले. कायदे चांगले होते असे मानणारे आपल्यात आहेत, वाईट होते असे मानणारेही आहेत. पण येताना मतविभागणी नाही आणि जाताना चर्चा नाही, यात दोघांचाही अपमान झाला. मधले वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर थंडीत बसून होते. जे बोलणे सभागृहात व्हायचे ते रस्त्यावर करावे लागले.

आपला दोष आणि आपले काम

आपल्या संघटनेचाही यात दोष आहे. आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो, की विधिमंडळ आणि संसद म्हणजे चोरांचा बाजार, तिथे काय बघायचे. चोरांचा बाजार असेल तर तिथे जास्त डोळा ठेवायला हवा होता. आम्ही पाठ फिरवली. बाजार समितीत व्यापाऱ्याने रुमालाखाली भाव केला तर आपण काट्यावर उभे राहून भांडतो. आणि जिथे सगळ्या देशाचा भाव ठरतो त्या काट्याकडे पाठ करून बसतो.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आम्ही एक ठराव ठेवीत आहोत. प्रत्येक तालुक्यात पाच जणांची पैसेवारी समिती करावी. त्यात निदान दोन बाया असाव्यात. निंदण-वेचणीचा हिशोब त्यांना आपल्यापेक्षा चोख येतो. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, आमदाराची आणि खासदाराची पैसेवारी काढावी. रकाने पाच, प्रत्येकाला वीस पैसे.

पहिला रकाना, सभागृहातली हजेरी. दुसरा, कापूस, ज्वारी, पाणी, पीककर्ज आणि पीकविमा यांवर विचारलेले प्रश्न. तिसरा, समितीतले काम. चौथा, शेतीवरच्या विधेयकांवर आणि अर्थसंकल्पावर केलेले भाषण व दिलेले मत. पाचवा, मतदारसंघातल्या तक्रारींचा लेखी पाठपुरावा, पत्र आणि त्याचे उत्तर. लग्न आणि तेरावे यांना रकाना नाही. आले तर पाहुणे म्हणून जेवू घालावे, पैसे देऊ नयेत.

एक सावधगिरी. मंत्री हजेरीपटावर सही करीत नाही आणि प्रश्नही विचारत नाही. त्याला उत्तरे द्यायची असतात. त्या कोपरीचेच पाहा. कोपरी-पाचपाखाडीचे आमदार २००९ पासून एकनाथ शिंदे, आणि जून २०२२ पासून अडीच वर्षे ते राज्याचे मुख्यमंत्री होते. अशा माणसाला प्रश्नांच्या रकान्यात शून्य देणे हा अन्याय होईल. त्याच्या उत्तरांची आणि आश्वासनांची पैसेवारी काढावी. अन्याय करून काढलेली पैसेवारी तलाठ्याचीही टिकत नाही, आपलीही टिकणार नाही.

दुसरे म्हणजे, नुसती पैसेवारी काढून भागणार नाही. बी आपण द्यायचे. लोकसभेच्या प्रश्नाला निदान पंधरा दिवसांची सूचना लागते आणि तो साधारण दीडशे शब्दांत बसवावा लागतो. अधिवेशनाच्या महिनाभर आधी आपण प्रश्न लिहून खासदाराच्या हातात द्यावा आणि पोच घ्यावी. नमुना असा: "कापसावरील आयात शुल्क माफ केल्यापासून किती गाठी आयात झाल्या? त्या काळात महाराष्ट्रातील बाजार समित्यांत सरासरी भाव काय होता? हमीभावापेक्षा कमी भावाने किती कापूस विकला गेला? माफीचा निर्णय घेण्यापूर्वी उत्पादकांच्या कोणत्या संघटनांशी चर्चा केली?" चार वाक्ये. यातल्या एकाचे जरी खरे उत्तर आले, तरी ते सरकारच्या सहीचे असेल. आपल्या भाषणापेक्षा ते उद्या जास्त उपयोगी पडेल.

तिसरे, पैसेवारी काढली की ती खासदाराला आधी दाखवावी. त्याला काही सांगायचे असेल तर बैठकीला बोलवावे, खुर्ची द्यावी, चहा द्यावा, ऐकून घ्यावे. तक्रार खरी असेल तर आकडा सुधारावा. मग चावडीवर लावावी. पन्नासच्या खाली आली तर तसे मोठ्या अक्षरात लिहावे. पक्ष कोणता हे बघू नये. आपल्या जातीचा असेल तर दोनदा तपासावी.

हे काम मोर्च्याइतके जोमाचे वाटणार नाही. यात घोषणा नाहीत, बिल्ला नाही, फोटो नाही. दिवाळीनंतर पाच जणांनी दोन दिवस कागद घेऊन बसायचे, एवढेच. कापणी प्रयोगही असाच कंटाळवाणा असतो. चौकोन आखा, कणसे कापा, झोडपा, वजन करा, लिहा. पण गावाची सूट त्या वजनावर ठरते.

कोपरीच्या गेटवर बसलेल्या आमच्या त्या गाववाल्याला आम्ही शब्द देऊन आलो आहोत. पुढच्या वेळी त्याने विचारले, "आपल्या खासदारांनी कापसाबद्दल काय विचारलं?" तर आम्ही गप्प बसणार नाही. कागद दाखवू. त्यावर प्रश्न असतील नाही तर शून्य असेल. जे असेल ते काट्यावर तोललेले असेल.

ठराव बैठकीत वाचला जाईल तेव्हा हात वर करण्यापूर्वी आपापल्या तालुक्याची पाच नावे लिहून आणा.